उजव्या चाकावरचा चरा

टायरच्या बाहेरच्या भिंतीवर चौदा सेंटीमीटर लांबीचा चरा होता. मी पट्टी लावून मोजला. एका टोकाला तो दोन मिलिमीटर खोल होता, दुसऱ्या टोकाकडे पुसट होत गेला होता, आणि खोल भागात सिमेंटची राखाडी भुकटी भरली होती. म्हणजे चाक कुठल्यातरी कठड्याला टेकलं होतं आणि घासत पुढे गेलं होतं. यात नवल नव्हतं. नवल हे होतं की चरा पुढच्या उजव्या चाकावर होता.

चालवणारा उजवीकडेच बसतो, आणि रस्त्याची ती बाजू समोरून येणाऱ्यांची. तिथे कठड्याला घासायचं तर आधी अख्खा रस्ता ओलांडावा लागेल.

मी वही उघडली. प्रत्येक टायरवर चार आकडे उमटवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या वहीत पुढचं डावं ३१२३ होतं आणि पुढचं उजवं ०८२३. आता उजव्यावर ३१२३ होतं. कोणीतरी दोन्ही चाकं आपसात बदलली होती. घरात आम्ही दोघंच. मी बदलली नव्हती.

आबा, माझे वडील, तीस वर्षं जीप चालवतात. तळोद्याहून अक्कलकुवा, खापर, बाजाराच्या दिवशी दोन फेऱ्या. मी तळोद्याच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. चौदा वर्षांची असताना त्यांनी मला चाकातली हवा मोजायला शिकवलं, आणि तेव्हापासून रविवारची सकाळ जीपची. गाडी जागची हलवायच्या आधी हवा, मग इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, रेडिएटरचं पाणी, फॅनचा पट्टा. वही ही माझी भर. गाडी चालवायला मात्र मी कधी शिकले नाही.

पोळ्यापासून जीप डावीकडे जात होती. डाव्या चाकाची बाहेरची कड लवकर झिजत होती, डावा आरसा दोनदा फुटला होता. शिवाजी मिस्त्रीने दोनदा अलाइनमेंट केलं. मग बेअरिंग तपासलं, बॉल जॉइंट बदलला. दर वेळी मी वहीत एका कारणावर काट मारली. शेवटी एकच कारण उरलं, आणि ते मी वहीत लिहिलंच नव्हतं.

ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहत होती. मी त्यांच्या डावीकडच्या दारातून घरात आले की आबांना कळत नव्हतं, उजवीकडून आले की उंबऱ्यातच ते "उनी का?" म्हणायचे. महिनाभर मी फरशा मोजल्या. उजवीकडून उंबऱ्याजवळच, खुर्चीपासून सहाव्या फरशीवर, त्यांना मी दिसायचे. डावीकडून थेट खुर्चीशेजारी गेले तरी नाही. एवढं कळूनही मी बॉल जॉइंट बदलून घेतला होता.

"आटप व," आबा आतून म्हणाले. "शिवाजीकडे जावानं शे. सकायले घाट चढाना शे."

उद्या सोमवारी पहाटे रमिलाबाईच्या भाच्याचं वऱ्हाड आमच्या जीपमधून चांदसैलीचा घाट चढून धडगावकडे जाणार होतं. बायका आणि पोरं मिळून अकरा जण. रमिलाबाई बाजारात भाजी विकते. वीस वर्षं तिच्या टोपल्या आमच्याच जीपच्या टपावरून जातात, आणि लग्नाला दुसरी गाडी तिने विचारलीही नव्हती.

गॅरेजात शिवाजीने जीप वर उचलून घेतली. तेवढ्यात कापडदुकानवाले इंदरमल शेठ आपली नवी गाडी घेऊन आले आणि उतरल्या उतरल्या कंबर धरून उभे राहिले.

"दोधूभाऊ, एवढी नवी गाडी, पण नुसती उडते. पोटातलं पाणी हलतं."

"हवा कितली भरी?" आबांनी विचारलं.

"टायरवर लिहिलंय तेवढी. एक्कावन्न. बरोबर वाचून भरली."

आबा हसले. "शेठ, ती टायरनी सहनशक्ती शे. तुमनी गाडीनी गरज नही. दरवाजा उघाडा. खांबवर कागद चिकटाडेल शे, तो वाचा."

शेठ वाकले. "तेहतीस!" ते म्हणाले. "सहा महिने मी एक्कावन्नावर उडतोय, आणि तेहतीस इथे दारात?"

"कापड अंदाजे मोजतस का?"

"कापडात गिऱ्हाईक ओरडतं, भाऊ. टायर बिचारं ओरडत नाही."

"ओरडस. मधली पट्टी घसी गयी, दखा. हवा जास्त म्हणजे मधे झिजस, कमी म्हणजे दोन्ही कडाले. आनि सकायले मोजा, गाडी बाहेर काढाना पहिले. चाक तापनं म्हणजे आकडा खोटा."

आणखी दोन ड्रायव्हर ऐकत उभे राहिले. आबांनी त्यांनाही सांगितलं, घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ज्या गियरमध्ये चढता त्याच गियरमध्ये उतरा. माणसं त्यांचं ऐकत होती. मी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, तिसरी मारली.

मग चहा आला. इंदरमल शेठ आबांच्या डाव्या हाताला उभे राहून कप पुढे करून थांबले. आबा बोलतच होते.

"भाऊ, रागावलात का? केव्हाचा कप धरलाय, बोटं भाजली माझी."

आबांनी मान पूर्ण वळवली आणि कप घेतला. शिवाजीने माझ्याकडे पाहिलं. पाना ठेवायच्या निमित्ताने तो जवळ आला.

"ताई, मी चार डाव मोजं. गाडीमा कायबी दोष नही." त्याने पाना खाली ठेवला. "तुमले बी माहीत शे."

परतताना मी आबांच्या डावीकडे बसले. वही मांडीवर होती. कालव्याच्या पुलावर डाव्या कठड्याला लागून एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. मी तिला दुरून पाहिलं. जीप सरळ चालली होती, मग हळूहळू डावीकडे सरकू लागली. मला वाटलं, आता वळवतील. आता.

"आबा, डावीकडे बाई शे!"

त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. आरसा आणि भारा यांच्यात वीतभर अंतर राहिलं असेल. चाऱ्याची चार पाती खिडकीतून माझ्या मांडीवर पडली. मागून बाईने दिलेली शिवी आम्ही दोघांनी ऐकली.

अंगणात जीप थांबल्यावर मी विचारलं, "चाका कोनी बदली?"

आबा हात पुसत राहिले. "मी. शुक्रवारे. तू कॉलेजले गयथी."

"कसाले?"

"तू वहीमा लिखस म्हणीसन. तू पहिले डावं चाक दखस."

"मी चारी दखस, आबा."

"हां. आज समजनं ते."

त्यांनी सीटखालची हत्यारांची पेटी ओढली. पान्यांच्या खाली, ग्रीसच्या डब्याशेजारी, चिंध्यात गुंडाळलेली डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. दिवाळीच्या आधी ते एकटेच चिंचपाड्याच्या दवाखान्यात जाऊन आले होते, हे मला आत्ता कळलं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"आनि गाडीनं काय सांगं त्यासनी?"

"सांगं," आबा म्हणाले. म्हणजे चालवू नका, असंच.

मला राग यायला हवा होता. पण मीही पाच महिने हेच केलं होतं. त्यांनी बाटली लपवली, मी वहीतली ओळ.

"उद्यानं एकच काम," आबा म्हणाले. "रमिलाबाईले जबान देयेल शे. वऱ्हाड पोचाडसू, परत लई येसू, मंग किल्ली तुन्हा हातमा. तू आज बठनी तशी डावीकडे बठ. दखाय ते सांगत ऱ्हाय. आते पुलवर सांगं ना? वाचनी ना ती बाई?"

मी उठून अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. जीप घाटात ताशी तीस किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला आठ मीटरपेक्षा थोडी जास्त. मी पाहणार, ओळखणार, बोलणार. ते ऐकणार, हात वळवणार. दोन सेकंद धरले तर सतरा मीटर. चांदसैलीला अशी वळणं आहेत जिथे पुढचे दहा मीटरही दिसत नाहीत. पुलावर मी त्या बाईला दुरून पाहिलं होतं, तरी वीतभरच अंतर राहिलं.

दुसरीकडे, एकच फेरी. तीस वर्षांत एकही अपघात नाही. हे दोन्ही मी पुन्हा पुन्हा एकमेकांशेजारी ठेवलं, जणू ते एकाच मापात मोजता येतं. भांडी घासली, परत घासली. चारला बाहेर आले तर आबा चाकांचे नट आवळत होते. उजव्या बाजूचे झाले, मग डाव्या बाजूला जाऊन ते हाताने चाचपत बसले. मी आत गेले. पाचला पुन्हा बाहेर आले. पुन्हा आत गेले.

ऊन उतरता उतरता रमिलाबाई आली. हातात पिशवी, नवी चप्पल चावत होती म्हणून ती काढून तीही हातात.

"दोधूभाऊ, सकायले पाचले हां. नवरदेव तयार शे, करवलीच झोपी ऱ्हास. तिले खिडकी द्या, घाटमा उलटी करस. मागला लग्नमा मन्हा लुगडावर करी तिनी."

"देसू खिडकी," आबा म्हणाले.

"आनि पुढली सीट मन्ही. नात मांडीवर बठाडसू. तिले घाट दखाना शे."

आबांनी फडकं घडी केलं, उलगडलं. "पुढे दीपमाला बठी."

"का बरं? मास्तरीणबाईले कधी घाट दखाया नही का?" रमिलाबाई माझ्याकडे वळून हसली. "शाळाले सुट्टी मारी का व, ताई? पोरे खुश व्हतीन."

आबा माझ्याकडे पाहत होते. मान पूर्ण वळवून, मी त्यांना नीट दिसावी अशी.

"येस ना तू, बेटा?" त्यांनी विचारलं.

रमिलाबाई दोघांकडे आलटून पालटून पाहू लागली. तिने चप्पल खाली ठेवली. मी पायरीवरून उतरून आबांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"नही, आबा," मी म्हणाले. "मावशी, तुम्ही दुसरी गाडी दखा. आबासले डावीकडलं काहीच दखास नही. आजपाईन आबा गाडी चालाडाव नहीत."