बंद जुळेपर्यंत

देऊळगाव राजातल्या शिवणवर्गात शिकवणाऱ्या समताचा नियम सगळ्या पोरींना पाठ होता. शनिवारी चार वाजता शिवलेलं काम ठेवायचं कपाट बंद. दोनदा उशीर झाला, की जालन्याच्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्याकडे नोकरीसाठी त्या पोरीचं नाव जायचं नाही.

दिवाळीआधीचं शेवटचं काम होतं तान्ह्या बाळाचं झबलं. मापाला समताने आपल्या तान्ह्या लेकाला, प्रसेनजितलाच वर्गात आणलं. पोरी टेप लावत होत्या आणि हिचा जीव टेपच्या टोकाशी. गळ्याजवळ कुणी ओढेल की काय!

वर्गात सगळ्यात सफाईदार हात धम्मशीलाचा. तीच चार वाजून गेल्यावर धापा टाकत आली, तेही झबल्याला बंद न लावता.

"एवढा उशीर?"

"नव्या कापडाचं झालं होतं मॅडम. मंग आठवलं, नवं कापड लेकराले टोचते. मायच्या जुन्या लुगड्याचं पुन्हा बेतलं."

समताने झबल्यावरून हात फिरवला. मऊ, सायीसारखं. तिला भरून आलं. तरी तिने कपाटाला कुलूप लावलं.

"वहीत हा उशीरच मांडणार. काल सांगायचंस ना मला!"

"भेव वाटलं."

धम्मशीला झबलं घेऊन गेली. सुट्टीभर समताच्या मनाला चुटपुट लागून राहिली. पोरगी शिवणच सोडते की काय?

सुट्टी संपता संपता धम्मशीला समताच्या घरीच आली. बंद लावलेले होते. पण प्रसेनजितच्या छातीवर ते जुळेचनात.

"हा तं माह्यासाठी थांबलाच नाही!" हसता हसता तिचे डोळे भरले.

"आमची मास्तरीण कोणासाठी थांबते, तं तिचं लेकरू थांबंल?" समताच्या सासूबाई, केसरबाई, आतून म्हणाल्या.

"बगलेत कळी टाकून घेर वाढवून दे," समता म्हणाली. "वर्गाचंच काम धरेन. कधी देशील?"

डोळ्यांसमोर जालन्याचा कारखाना होता. धम्मशीलाने बोटांवर हिशेब केला. "बुधवारी."

मंगळवारी सकाळीच तिचा फोन आला. "मॅडम, उद्या आमच्याकडे लाईन राहणार नाही म्हणतात. आजच आणून देऊ?"

"आण गं!"

दुपारी बंद जुळले. वर बोटभर जागा शिल्लक होती.

"हे सैल का?"

"पुढच्या महिन्याचं मॅडम. थांबणार थोडाच हा?"

"पहिला उशीर मात्र खोडणार नाही मी."

"राहू द्या. नाव जाईन ना?"

"जाईल," समता म्हणाली, आणि झोपलेल्या लेकराच्या छातीवरची ती बोटभर जागा चाचपत राहिली.