सतरा नंबरचा बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. पोटावर १७ हा आकडा, डोक्याला भोक, भोकात नायलॉनची दोरी, एवढाच माझा संसार. पुलाउ उबीन बेटावर टिओकाकांचं मासे धरायचं तळं आहे. तिथल्या काउंटरमागे खिळ्यांवर आम्ही वीस भावंडं राहायचो. ज्याच्या गळ्यात मी, त्याने सतरा नंबरच्या खुंटीपाशी बसून गळ टाकायचा. काम सोपं. पण मित्रांनो, एक गोष्ट मला काही केल्या उमगत नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलतो आहे.

टिओकाकांच्या वडिलांनी मोडक्या बोटीच्या पट्टीतून मला कापलं आणि छिन्नीने आकडा ठोकला. सातची शेपूट वाकडी गेली, ती अजून तशीच आहे.

तेव्हा तळं वर्षभर उघडं असे. कुणीही यावं, बिल्ला घ्यावा, बसावं. साधनाआजी मला तेव्हाच भेटल्या. गाव रेवदंडा, लेक अभय बेटासमोरच्या शहरात, क्वीन्सटाउन भागात, त्याच्याकडे दरवर्षी दोन महिने यायच्या. पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी गळाला लागलेला मासा पाहून म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आमचा जिताडा. हा इथे कुठे कडमडला?"

"आई, इथे त्याला सी-बास म्हणतात," अभय म्हणाला.

"म्हणोत. नाव बदललं म्हणून जावयाच्या ताटातला त्याचा मान कमी होतो का?"

सतरावर सावली असते, म्हणून त्या नेहमी मलाच मागत. गळ टाकून गुणगुणत:

गळाला लाविते चारा, जिवाला लाविते धीर
येईल तेव्हा येईल बाई, पाण्याला कसला उशीर

पुढे मासे बारीक निघू लागले. टिओकाकांनी पाटी लावली: तळं फक्त जूनमध्ये उघडेल. मला वाटलं, चला, विसावा मिळेल. कसला विसावा! वर्षभराची माणसं एका महिन्यात आली. एकाचा गळ दुसऱ्याच्या टोपीत, दोऱ्यांचा नुसता गुंता. पूर्वी दोन तास बसून रिकाम्या हाताने हसत जाणारेही आता संध्याकाळपर्यंत हलेनात. पुन्हा संधी कुठली? वर्षभरात जायचे तेवढे मासे त्या महिन्यातच गेले. दिवस कमी केले, मग मासे का वाचले नाहीत? खिळ्यावर लटकून पुष्कळ विचार केला. सापडलं नाही.

यंदा आणखी नवा नियम आला. जूनमधला एकच रविवार. ज्याला यायचं त्याने नावाची चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकायची. वीस नावं निघतील, प्रत्येकाला एक मासा.

आजींचं परतीचं विमान त्या रविवारनंतरच्या मंगळवारी होतं. "गुडघे म्हणतात, पुढच्या वर्षी विमान नको," त्या सुनेला म्हणाल्या. "जायच्या आधी एकदा सतरावर बसू दे मला."

सून ऋचा पुण्याची. मासा तिच्या ताटात कधी आला नव्हता, पण सासूचं बोलणं तिच्या मनाला भिडलं. तिने ओळखीच्या साऱ्या मराठी घरांना निरोप धाडला: आईंसाठी चिठ्ठ्या टाका. माणसं मोठ्या मनाची. ऋचापासून शहराच्या मरीन परेड भागातल्या निशिगंधापर्यंत सगळ्यांनी आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्याचा नंबर लागेल तो आजींना देईल, असा बेत. पाटीवरची शेवटची ओळ कुणी वाचलीच नाही: बिल्ला दुसऱ्याला देता येणार नाही.

रविवारी टिओकाकांनी नावं वाचली. वीसपैकी अकरा आपलीच मंडळी. एकानेही कधी गळ धरलेला नव्हता. सतरा नंबर ऋचाचा. आजींची चिठ्ठी मात्र डब्यातच राहिली. दहा-दहा वर्षं येणारे जुने गडी रिकाम्या बादल्या वाजवत बोटीकडे परतले.

"माझ्यासाठी धावले, आणि माझ्याच आडवे आले गं सगळे," आजी म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण पदराचं टोक मुठीत होतं.

अभयने टिओकाकांना विनवलं. "कॅन नॉट लाह, नाही जमायचं," ते म्हणाले. "आज तुझ्या आईला दिलं, तर उद्या सगळेच अदलाबदल करतील. मग चिठ्ठी कशाला?"

त्यांचंही खोटं नव्हतं.

मी ऋचाच्या गळ्यात पडलो. आजी मागे उपड्या बादलीवर बसल्या, हात मांडीत घट्ट धरून.

"चारा लाव."

"आई, ही कोळंबी हलतेय."

"जिवंत आहे, हलणारच. तू मात्र हलू नकोस."

बराच वेळ गेला. मग काठी वाकली.

"ओढू?"

"थांब. घाबरलाय तो. धावू दे... आता ओढ."

चांदीसारखा जिताडा वर आला, हातभर लांब. वर्षभर कुणी गळ टाकला नव्हता, म्हणून चांगला पोसला होता. टिओकाकांनी वहीत लिहिलं: ऋचा, एक. बाकीच्या दहा जणांना शेपूटही दिसली नाही. म्हणजे मासे वाचले, मित्रांनो. पण नियमाने वाचले, की काठावर भलतीच माणसं बसली म्हणून?

"घरी नेऊ, आई. तुम्ही करा. वासाचं मी बघते," ऋचा म्हणाली, आणि मला गळ्यातून काढून तिने आजींच्या तळहातावर ठेवलं. आजींनी माझ्या वाकड्या सातवरून अंगठा फिरवला. टिओकाका बिल्ले मोजत होते. एकोणीस भरले. त्यांनी आजींच्या मुठीकडे पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले, आणि आजी मला मुठीत घेऊन शेवटच्या बोटीत बसेपर्यंत मोजतच राहिले.

मुलांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही नियम कराल. करा, मासे जपायलाच हवेत. पण मासे मोजाल तशा रिकाम्या परत गेलेल्या बादल्याही मोजा. मला तेवढं एकच कळलंय, आणि तेही अर्धंमुर्धं.