गाऱ्हाण्यात एक न्हय

"बा देवा म्हाराजा, आज ही माणसां तुझ्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा," अंगणातली माणसं म्हणाली.

१९६१, मार्गशीर्ष. तुळशीपुढे नारळ आणि विडा ठेवून धोंडू गावकर गाऱ्हाणं घालत होते. चटईवर गुरुदास बसलेला, बावीस वर्षांचा शाळामास्तर. फळ्यामागून कोणी हाका मारतं म्हणून पावसाळ्यापासून तो शाळेत गेला नव्हता.

"ह्या पोराक जर कोणाचो दोष लागलो आसात..."

"व्हय म्हाराजा."

कुणाचा, ते घरात आधीच ठरलं होतं. गुरुदासची आई जानकी, तिचा मामा तरुणपणी घर सोडून गेला तो परतलाच नाही. तेवढं पुरे होतं. गाऱ्हाण्यात तिच्या माहेराचं नाव पडलं की मुलाला तळेऱ्याला आजोळी धाडायचं. ज्यांचा दोष त्यांनी निस्तरावा. जानकीला कुणी विचारलं नव्हतं. ती दाराआड उभी होती.

गावकर श्वास घेतात तेवढ्यात आठ दिवस मागे जायला हवं.

रत्नागिरी. डॉक्टरांनी गुरुदासच्या वडिलांना, दत्तारामांना विचारलं, घरात आणखी कुणाला मनाचं दुखणं? नाही, ते म्हणाले. खोटं नव्हे, त्यांना खरंच कुणी आठवलं नाही. शेजारी त्यांची विधवा बहीण नर्मदा बसली होती. डॉक्टर विचारत गेले. कुणी दिवसचे दिवस न झोपता कामाला लागतं का? मग महिनोन्महिने अंथरूण धरतं? हे दुखणं वेगळं, आवाज ऐकू येण्याचं वेगळं, पण दोन्ही पुष्कळदा एकाच घरात दिसतात. मूळ कुठेतरी एक असावं. दत्तारामांनी नाही म्हणून मान हलवली.

नर्मदा आपल्या हातांकडे बघत राहिली. एका उन्हाळ्यात ह्या हातांनी चार दिवसांत एकटीने सगळं घर सारवलं होतं, अख्ख्या वाडीला जेवण रांधलं होतं. त्यानंतर तीन महिने भिंतीकडे तोंड. घरात म्हणत, नर्मदेचो सोभाव.

"...तो सुनेच्या माहेराकडचो दोष, जयसून इलो थंयच परत..."

"न्हय."

गाऱ्हाण्याला न्हय कुणी म्हणत नाही. गावकरांनी वळून बघितलं.

"माहेराकडचो न्हय," नर्मदा म्हणाली. "ह्याच घरातलो. माझ्यात आसा तोच हेच्यात. माझ्यातल्याक तुमी सोभाव म्हणतास, हेच्यातल्याक बाधा."

"नर्मदे, लोक तुकाय येडी म्हणतीत गो," दत्ताराम हळूच म्हणाले.

"म्हणांदेत. जानकीक काय म्हणा नकात."

मागे कुणी तरी हसलं, पण ते हसणं कुणी पुढे उचललं नाही. दत्तारामांनी बहिणीच्या हातांकडे बघितलं, जणू तो सारवलेला उन्हाळा त्यांना आत्ता दिसत होता. मग त्यांनी गावकरांना खुणेनेच सांगितलं, माहेर वगळा.

"मगे नाव घेव कोणाचा?" गावकर वैतागले.

"कोणाचाच नको," नर्मदा म्हणाली. "पोराक झोप लागांदे म्हणा."

गुरुदासने मान वर केली. "आते, तुकाय हाका मारतत?"

"नाय रे. माका झोप सोडून जाता."

त्याने थोडा विचार केला आणि चटईवर सरकून तिला जागा दिली. ती बसली. गावकरांनी पुन्हा देवाला हात जोडले. जानकी दाराआडून बाहेर आली आणि नणंदेच्या दुसऱ्या बाजूला, चटई संपली होती तिथे जमिनीवरच बसली.