निळ्या उजेडातली हळद

विश्वंभरने बैठकीच्या खिडक्या लावून घेतल्या, फटींत पोत्याचे तुकडे कोंबले आणि स्टुलावर चढून एक पांढरा, एक निळा असे दोन दिवे काचेच्या टाकीवर शेजारीशेजारी टांगले. भर दुपारी त्याने हा अंधार केला तो वडिलांना पटवण्यासाठी. दोन्हींपैकी एक दिवा ठेवायचा होता आणि दुसरा उद्या नांदेडच्या दुकानात परत करायचा होता.

टाकीत खारं पाणी, दोन मासे आणि प्रवाळाचे चार झुबके होते. कुरुंद्यातल्या निम्म्या लोकांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलेला. विश्वंभरने तो मीठ कालवून घरात आणला होता. पण साध्या ट्यूबलाइटखाली प्रवाळ दिवसेंदिवस फिकं पडत चाललं होतं. निळा उजेड हेच त्याचं जेवण, हे त्याने घरात सगळ्यांना सांगून झालं होतं. त्यावर वडिलांचा, व्यंकटरावांचा, निकाल ठरलेला होता. बैठकीत निळा उजेड पडला तर टाकी बाहेर आणि त्या कोपऱ्यात हळदीची पोती.

ते आता हळदीच्या कढईवरून तसेच उठून आले होते. कपाळावर सकाळी लावलेल्या खंडोबाच्या भंडाऱ्याची तीन बोटं होती.

"आधी पांढरा लाव," खुर्चीत बसत ते म्हणाले.

पांढरा लागला. बैठक लख्ख झाली, भिंतीवरचे पोपडेसुद्धा मोजता आले असते.

"ह्यो बराबर हाये. डबक्याला पुरंल, माणसालाबी पुरंल. सोयरे आले तर एकमेकाचं तोंड दिसंल."

"आबा, ह्याच्याखाली त्ये मरंल."

"काहून मरंल? आमी न्हाई जगून राहिलो पांढऱ्या उजेडात?"

उंबऱ्यात लसूण सोलणाऱ्या शकुबाई पदराआड हसल्या. नवऱ्याला त्या चाळीस वर्षं ऐकत आल्या होत्या.

"आन् एक सांगा," विश्वंभर म्हणाला, "सकाळच्याला काच कोन वाजवतंय? मी उठून येस्तोवर समदं मिटून बसलेलं असतंय. भेलंय त्ये."

"मला काय इचारतूस? त्या डबक्याकडं मी ढुंकूनबी पाहत न्हाई."

विश्वंभरने पांढरा बंद करून निळा लावला.

प्रवाळाच्या कडा हिरव्या उजळल्या. पण तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. विश्वंभरची बायको पुनम हातातला चहा घेऊन दारात थबकली होती आणि काचेकडे पाहत होती.

"आत्याबाई, हे काय हो?"

काचेवर, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, पिवळेजर्रद ठसे चमकत होते. तीन आडवी बोटं, त्यांच्या खाली नाकाचा शेंडा. एक ठसा नव्हे. कित्येक दिवसांचे, एकावर एक. निळ्या उजेडात हळद पेटल्यासारखी दिसते, हे हळदीवर तीन पिढ्या जगलेल्या त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. अंधारात व्यंकटराव नीट दिसत नव्हते. त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं, तीन आडव्या बोटांचं.

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने कपाळ पुसलं. मग टॉवेल चमकायला लागला.

"डाव्या अंगाचं त्ये बारकं," ते म्हणाले, "चार रोजापून उघडंना. म्हून टिचकी मारून पाह्यली. जित्तं हाये का न्हाई."

"जित्तं हाये, आबा. उपाशी हाये."

व्यंकटराव पुढे वाकले. काचेला कपाळ टेकता टेकता थांबले.

"मग पाहत काय राहिलास? उतरव की त्यो पांढरा."

विश्वंभरला हसू आलं, म्हणून पांढरा उतरवायला त्याने उगाच वेळ लावला. पुनमने ओलं फडकं आणून काच पुसून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून व्यंकटराव अंघोळ झाली की आधी कोऱ्या कपाळाने टाकीपुढे बसू लागले. भंडारा मागाहून.

"आवो, देव खोळंबलाय," शकुबाई देवघरातून हाक मारत.

"येऊन राहिलो," ते म्हणत आणि खुर्ची थोडी पुढे सरकवत.