तांदळाच्या डब्याचं रबर

बसा त्या पोत्यावर, तुमचं सामान बांधून होईपर्यंत. दार तेवढं ओढून घ्या, गार वारा आत येतोय. डब्यांच्या झाकणांना रबर बसवून घ्यायचंय म्हणालात ना? मग फिटरकडेच जा. त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. पण त्याच्या दारात पाय ठेवायच्या आधी एक गोष्ट ऐकून जा. किडे मागायला निघालेल्या माणसाची गोष्ट आहे. हसाल, पण पुरती ऐका आणि मग हसा.

तर फिटर स्वैपाकघरात जमिनीवर फतकल मारून जुन्या ट्यूबमधून रबराचं कडं कापत होता. आख्खा जन्म गेला बसगाड्यांच्या कारखान्यात. कुठल्या इंजिनातून तेलाचा थेंब गळला तर याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आता निवृत्त. निवृत्त माणूस म्हणजे घरात फिरणारं कपाट, जाईल तिथे आडवं येतं. बायको त्याच्या डोक्यावरून हात लांबवून मिठाची बरणी घेत होती.

त्या फळीवर तिचं राज्य. तांदूळ, पीठ, डाळ, चवळी. हिवाळा लागला की ती एकेक डबा उतरवायची, धान्य ताटात ओतायची, बोटांनी पसरून पसरून बघायची. डबा पुसून उन्हात तापवायची, तळाशी तमालपत्र टाकायची आणि मग परत भरायची. पोतं आलं की आधी त्याला कान लावायची. आत कुरतडतंय का ते तिला ऐकू यायचं म्हणे. शेजारणी आपापलं धान्य दाखवायला तिला बोलावून न्यायच्या, डॉक्टरला न्यावं तसं.

"थंडीत किडा मरत नाही, झोपतो," ती सांगायची. "आणि झोपलेल्याला शोधायला जास्त वेळ लागतो."

फिटरला हे बघवत नव्हतं. म्हणजे मायेपोटीच. तिचे गुडघे धरायचे, उठताना ती ओट्याचा आधार घ्यायची. म्हणून तिचं त्या हिवाळ्याचं निवडणं उरकलं तसा हा रबर घेऊन बसला. प्रत्येक झाकणाला आतून कडं चिकटवलं. तांदळाचं झाकण दाबून बसवलं तेव्हा फुस्स करून आवाज आला. एवढ्यावर थांबेल तर फिटर कसला. एक रिकामा डबा झाकण लावून बादलीत बुडवून दाखवला. बुडबुडा नाही.

"बघ," तो म्हणाला. "हवा शिरत नाही तिथे किडा कुठून शिरणार? आता तुला इथे काही काम उरलं नाही."

नवीन साडी हातात द्यावी तसं म्हणाला हो तो. तिने एक झाकण उचललं, उलटं करून बघितलं, आणि आधीच स्वच्छ असलेलं ते झाकण पुसून जागेवर ठेवलं.

"बरं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिने पिशवी भरली.

"धाकटीकडे जाऊन येते जरा."

"किती दिवस?"

"बघू. इथे काय अडलंय?"

धाकटी म्हणजे तिची बहीण. फिटर बसपर्यंत पिशवी घेऊन गेला, खिडकीची जागा धरून दिली, घरी आला. दोन-चार दिवसांत येईल म्हणून त्याने दूध जास्तीचंच घेतलं. ते नासलं. थंडी वाढली, रस्त्यात धुकं उतरायला लागलं, तरी ती आली नाही. फोन करायची.

"जेवलात?"

"जेवलो."

"तांदूळ बघितला का?"

"त्यात काय बघायचंय? एक किडा नाही. पैजेवर सांगतो, उन्हाळा आला तरी होणार नाही."

"बरं," म्हणायची आणि फोन ठेवायची. एवढी चांगली बातमी दिली तरी हिचा आवाज पडतो कसा, हे काही फिटरला कळेना. पुढच्या खेपेला त्याने पिठाचीही बातमी दिली. फोन आणखी लवकर ठेवला गेला.

मग एकदा त्यानेच फोन लावला, तर मेहुणीने उचलला.

"भाऊजी, ती नाही यायची बोलायला. कामात आहे."

"कसलं काम?"

"माझ्या डब्यांना किडे लागलेत ना. तिने घर डोक्यावर घेतलंय. आम्हाला जेवायला बसायला जागा नाही, सगळीकडे ताटंच ताटं."

मागून बायकोचा आवाज येत होता. "ही चाळण नव्हे गं, बारीक भोकांची आण. आंधळी का तू? हा बघ, हा बघ कसा मेल्याचं सोंग घेऊन पडलाय." आणि हसली. मेहुणी काहीतरी बोलत राहिली, मग तिने फोन ठेवलाही. फिटरने मात्र कानाला लावलेला फोन काढला नाही. पोत्याला कान लावावा तसा तो भिंतीपाशी उभा राहिला. मग स्वैपाकघरात जाऊन त्या फळीकडे बघत बसला. सगळे डबे गच्च बंद. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी किराण्याचं दुकान उघडायच्या आधी हा पायरीवर हजर. दुकानदार भला माणूस, गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही कधी.

"बोला काका, काय देऊ?"

"किडे आहेत का?"

दुकानदाराने हातातलं माप खाली ठेवलं.

"सकाळी सकाळी भांडायला आलात का?"

"भांडायला नाही. पाहिजेत."

"माझ्या दुकानात किडा नाही. वडिलांच्या वेळीही नव्हता."

"नसेल हो. पण असलाच तर थोडे द्या."

"कशाला?"

"बायकोला बोलवायचंय."

शेजारी एक बाई साखर घ्यायला थांबली होती. दुकानदाराने तिला साखर दिली, ती पायऱ्या उतरेपर्यंत दम धरला, मग फिटरला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं.

"हे एक पोतं परत पाठवायला काढून ठेवलंय," तो हळूच म्हणाला. "विकत नाही मी यातलं."

"मी कुठे विकत मागतोय?"

दुकानदाराने चिमटी-चिमटीने पुडी बांधली. फिटरने खिशातली पिन काढून पुडीला भोकं पाडली. कुठल्या डब्यात घालणार ते त्याने सांगितलं नाही, आणि दुकानदाराने विचारलं नाही.

बाहेर हाडं गोठत होती. पुडी कोटाच्या आतल्या खिशात, वर हाताचा पंजा. दुखऱ्या छातीचा माणूस चालतो तसा तो घरी गेला. तांदळाचा डबा उतरवला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि झाकणाचं रबर उपटायला बसला. निघेना. चिकटवलंच होतं तसं. जन्मभर गळती बुजवलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फट पाडली, आणि तेवढ्यालाच घामाघूम झाला. मग पुडी तांदळात ओतली. किडे निपचित पडले. त्याने डबा शेगडीजवळ नेऊन धरला.

"उठा रे बाबांनो," तो म्हणाला. एकाने पाय हलवले, तेव्हा कुठे याने फोन लावला.

"अगं, तांदळात किडे झालेत."

तिकडे चाळण खाली ठेवल्याचा आवाज आला.

"रबर असून?"

"रबर काही कामाचं नाही बघ."

"डब्याला हात लावू नका. धुऊन-बिऊन तर मुळीच ठेवू नका. मी येते."

दुसऱ्या दिवशी ती आली. पिशवी खांद्यालाच, चपला दारात कशातरी टाकलेल्या, सरळ डब्यापाशी गेली. एक किडा तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला.

आता तांदळातला सोंडा लांबट असतो, पुढे सोंड असते त्याला. आणि हा होता गोल, बुटका, पाठीवर ठिपके असलेला. भुंगा. दुकानातलं ते परत पाठवायचं पोतं चवळीचं होतं ना. फिटरला इंजिनातला प्रत्येक बोल्ट हाताला कळतो, पण त्याच्या लेखी किडा म्हणजे किडा. चवळीतला भुंगा तांदळात मुक्कामाला कधी जात नाही, हे ज्याला कळावं त्याला कळतं.

तिने चवळीचा डबा उतरवला. फुस्स करून उघडला. आत एक डाग नाही. परत दाबून बंद केला. मग तांदळाचं झाकण उलटं केलं.

"याचं रबर कुठे गेलं?"

"सडलं."

"एवढ्यात?"

"थंडीने असेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. फिटर ओटा पुसत होता. पुसलेला भागच परत पुसत होता. शेवटी तिने पिशवी खाली ठेवली, ताट घेतलं, आणि गुडघ्यावर हात टेकून खाली बसली.

"माझा चष्मा द्या. आणि चहा टाका."

चहा द्यायला तो वाकला तर कोटाच्या आतून एक भुंगा निघाला आणि बाहीवरून चालायला लागला. दोघांनीही बघितला. तिने तो चिमटीत धरून वाटीत बाकीच्यांबरोबर टाकला.

"हा पण आपल्याच डब्यातला दिसतोय," ती म्हणाली.

"असेल."

"सगळेच डबे बघावे लागणार आता. एका दिवसाचं काम नाही हे."

"बघ बाई. मला त्यातलं काही कळत नाही," फिटर म्हणाला, आणि तिच्यासमोर चाळण धरून बसला. बारीक भोकांची.

घ्या, झालं तुमचं सामान बांधून. हे मला फिटरनेच सांगितलं, इथेच, तुम्ही बसलात त्याच पोत्यावर बसून. तर जा खुशाल. काकू चहा देईल, डबे दाखवेल, मी नव्हते तर यांनी घराचं काय करून ठेवलं होतं म्हणेल. तो खाली मान घालून रबर कापत असेल. तुम्ही जरा हळहळा. पुडी कुणाच्या दुकानातली होती ते बोलू नका, माझी गिऱ्हाइकं तुटतील. आणि आणखी एकच मागणं आहे तुमच्याकडे. सगळ्या झाकणांना रबर आहे आणि तांदळाच्याच डब्याला का नाही, एवढं मात्र तिथे विचारू नका.