एकशे बारावा प्रश्न

त्या मंगळवारी गाओनेच्या पायाला भिंगरी लागली होती. गुरुवारी राजधानीत, गॅबरोनीला, हवामानाचा पेपर, आणि ही तिची शेवटची खेप. मोठी विमानं चालवायच्या लायसनसाठी ठरल्या मुदतीत नऊ पेपर सुटावे लागतात. आठ सुटले होते, हा एक मेला दोनदा अडला होता. तिसऱ्यांदा अडला की सुटलेले आठही रद्द, पुन्हा श्रीगणेशा. एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा करायची हौस कुणाला असते?

सकाळी पाहुण्यांना छोट्या विमानातून नदीच्या पाणथळ डेल्टातल्या एका कॅम्पवर आणून ती परतीची वाट बघत होती. पाहुणे हत्ती बघायला गेले. ही पंखाच्या सावलीत वही उघडायची, दोन प्रश्न वाचायची, उठायची, विमानाभोवती फेरी मारायची, चाकाला उगाच लाथ हाणायची, पुन्हा बसायची. एका जागी बसणं म्हणून नाही.

ही वही म्हणजे आम्हा माउन गावच्या पायलटांचा जुना रिवाज. पेपर देऊन बाहेर आलं की झाडाखाली बसायचं, आठवतील ते प्रश्न उत्तरांसकट उतरवायचे आणि वही पुढच्याच्या हातात द्यायची. जो लिहीत नाही त्याला कद्रू म्हणतात. या खेपेला गाओनेकडे ती ओटेंगकडून परत आली होती. दोन वर्षं दोघांनी एकाच टेबलावर अभ्यास केला, एकाच ताटातले मगविन्ये, म्हणजे तळलेले गोळे, खाल्ले. मार्चमध्ये याच हवामानाच्या पेपरात, शेवटच्या खेपेला, ओटेंगला चौऱ्याहत्तर पडले. लागतात पंच्याहत्तर. एका मार्कानं आठ पेपर बुडाले आणि तो लेत्लाकाने गावाजवळ बापाची गुरं राखायला निघून गेला. जाताना वही हिच्या मांडीवर ठेवली, म्हणाला, मला आता काय करायचीय.

वहीतला एकशे बारावा प्रश्न असा होता: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, तर कमी दाब कुठल्या हाताला? वहीत उत्तर होतं, डाव्या. गाओनेला ते झोपेतही पाठ होतं. पण बसवेना, म्हणून ती उठली आणि खरोखरच वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. वारा पूर्वेचा, चांगला सणसणीत. तोंड आलं पश्चिमेला, डावा हात दक्षिणेला, कलाहारीच्या वाळवंटाकडे. आणि सकाळी निघताना पाहिलेल्या नकाशात कमी दाब होता अंगोलावर, म्हणजे उत्तरेला. म्हणजे उजव्या हाताला.

तिनं विमानातून नकाशा काढून पुन्हा पाहिला. उजवाच. मग डोक्यात उजेड पडला. डावा हात खरा, पण तो विषुववृत्ताच्या वर राहणाऱ्यांचा. आपल्याकडे सगळं उलटं, आणि पेपरात तर ‘दक्षिण गोलार्धात’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. कुठल्या शहाण्यानं हे लिहून ठेवलं, म्हणून तिनं अक्षर निरखलं.

अक्षर तिचंच होतं.

पहिल्या खेपेला बाहेर येऊन तिनंच मोठ्या तोऱ्यात उतरवलं होतं, विलायतेत छापलेल्या पुस्तकातून उत्तर काढून, आणि मग वही ओटेंगच्या हातात दिली होती. ओटेंगचे सव्वीस चुकले, त्यातला एक हाच कशावरून, असं तिनं स्वतःला समजावलं. पण एकच मार्क कमी पडला होता, आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. दुपारभर ती वहीतलं एकेक उत्तर नकाशाशी ताडून बघत राहिली. स्वतःच्या अक्षराचीच भीती वाटायला लागली.

बुधवारी गॅबरोनीची बस लेत्लाकानेला थांबली तर खिडकीखाली ओटेंग हजर. हातात मडिलाचा डबा, घरच्या गाईंच्या घट्ट दह्याचा. शुभेच्छा द्यायला सकाळपासून थांबला होता बिचारा. म्हणाला, “काय मास्तरीणबाई, चेहरा असा का? रस्त्यात गाय मारली की काय बसनं?”

सांगायचं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि पोट बरं नाही म्हणाली. पेपर झाल्यावर सांगू, आज सांगितलं तर उद्या पेपरात लक्ष लागणार नाही. माणूस स्वतःला काय काय पटवतो! बस हलली तरी तो हात हलवत होता, आणि हिला डब्याकडे बघवेना.

गुरुवारी तो प्रश्न आला. तिनं उजवा निवडला. शेवटी संगणकाच्या पडद्यावर अठ्ठ्याहत्तर उमटले. आईला फोन लावला तर पलीकडून आईनं आणि शेजारणींनी मिळून आनंदाच्या उलूलूचा असा गजर केला की कान बसले. ती हसली, पण तिचा आनंद फाटकापर्यंतसुद्धा टिकला नाही.

शुक्रवारी परतताना ती लेत्लाकानेला उतरली आणि एका मालाच्या गाडीत बसून गुरांच्या तळावर गेली. ओटेंग हौदात पाणी सोडत होता. तिला बघून त्यानं टोपी काढली, वाकून “या, कॅप्टन” म्हणाला. तिनं वही उघडून त्याच्यापुढे धरली. बोलायचं म्हणून बसमध्ये वाटभर जे जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

“हे मी लिहिलंय, ओटेंग. चुकीचं लिहिलंय. आणि बुधवारी भेटलास तेव्हाच ठाऊक होतं मला.”

त्यानं वही हातात घेऊन ती ओळ वाचली. पाणी हौदावरून वाहायला लागलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“म्हणजे उजवा?”

“उजवा.”

“मी उजवाच निवडला होता गं,” तो हळू आवाजात म्हणाला. “मनातल्या मनात आपल्या धावपट्टीवर उभा राहिलो, आणि उजवा आला. मग आठवलं, गाओनेनं डावा लिहिलाय. म्हटलं, ती चुकायची नाही. आणि बदलला.”