साइट फिरवली, रेस्ट तशीच राहिली

मित्रांनो, गोष्टींतली धनुष्ये तुम्हाला ठाऊक असतील. एक वाकवलेली काठी आणि एक दोरी, की झाले धनुष्य. मी तसे नाही. मी कंपाउंड धनुष्य आहे, आणि आता बरेच जुने झाले आहे. माझ्या दोन्ही टोकांना चाके आहेत. मला ओढताना आधी घाम फुटतो आणि शेवटी चाके वळली की सगळा भार एकदम हलका होतो. मग नेमबाजाने शांतपणे नेम धरायचा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण मला खरे जुळवले ते सरांनी. सर तिरंदाजी शिकवायचे. दोन बहिणींतल्या थोरलीसाठी मला घ्यायचे ठरले, तेव्हा त्यांनी आधी तिच्या हाताची लांबी पाहिली आणि माझी ओढ तिच्या मापाला आणली. मग बाण जिच्यावर टेकतो ती रेस्ट बरोबर मधोमध बसवली. त्यानंतर त्यांनी एका चौकटीत कागद ताणला आणि त्यातून बाण सोडायला लावला. बाण सरळ गेला तर कागदाला स्वच्छ गोल भोक पडते. तिरका गेला तर कागद लांब फाटतो. भोक गोल पडेपर्यंत सरांनी साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, हात लावू दिला नाही.

"आधी बाण सरळ निघू दे," ते म्हणाले. "साइट काय, बिचारी सांगशील तिकडे वळते."

थोरलीला घरात सगळे ताई म्हणत. ती दवाखान्यात जखमांना पट्ट्या बांधायचे काम करी आणि सुटली की तशीच सरावाला येई. तिच्याबरोबर तिची धाकटी बहीण असायची. तिला सगळे बारकी म्हणत, जरी ती ताईपेक्षा हातभर उंच झाली होती. बारकी दुर्बिणीला डोळा लावून उभी राही आणि बाण कुठे लागला ते सांगे.

"ताई, जरासा खाली. श्वास सोडलास मध्येच."

"तुला इथून माझा श्वास दिसतो?"

"तुझे खांदे दिसतात ना."

मला ते दिवस फार आवडायचे. सरावानंतर ताई माझ्या दोरीला मेण लावी आणि बारकी बाणांची पिसे तपासे. दोघी एकाच खोलीत राहत. मी दारामागच्या खुंटीवर असे.

मग निवडीची स्पर्धा आली. संघात घेतले गेले असते तर ताईला पूर्णवेळ खेळता आले असते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बारकी खोली झाडत होती. तिचा कोपर लागला आणि मी खुंटीवरून खाली आदळले. वरवर काहीच मोडले नाही. रेस्ट मात्र केसभर सरकली होती. मला ते कळत होते, पण मला वाचा कुठे होती?

बारकीने लपवले नाही. ताई घरात पाऊल टाकते न टाकते तोच ती म्हणाली, "ताई, माझ्या हातून धनुष्य पडलं. तू रागव, पण सरांना दाखवून घे."

ताई रागावली नाही. ती मला घेऊन सरावाच्या हॉलमध्ये गेली. बाहेरचे मैदान स्पर्धेसाठी बंद होते, म्हणून हॉलमधल्या जवळच्या लक्ष्यावरच बाण सोडले. ते डावीकडे लागले. बाण डावीकडे गेला तर साइटही डावीकडे सरकवतात, बाणाच्या मागे जातात. ताईने तेच केले, आणि बाण मधोमध लागू लागले.

"कागदातून एकदा बाण सोडून बघ," सर म्हणाले.

"लागतायत ना सर मध्यावर. आता कशाला पुन्हा खोलायचं? दमलेय मी."

सरांनी मान हलवली, पण त्यांना दुसऱ्या मुलांनी हाक मारली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी जवळच्या अंतरावर ताई सगळ्यांच्या पुढे होती. मग लक्ष्ये दूर नेली. बाण जितका लांब जाणार, तितका त्याचा तिरकेपणा उघडा पडतो. बारकी दुर्बिणीतून सांगू लागली, "डावीकडे." मग, "ताई, अजून डावीकडे." पुढे पुढे तिचा आवाज इतका बारीक झाला की मलाच तो ऐकवेना.

ताई निवडली गेली नाही. तिने मला बाकावर ठेवले आणि सगळ्यांदेखत बारकीला म्हणाली, "धनुष्य नाही पाडलंस तू. मला पाडलंस."

बारकीने दुर्बिणीचे पाय मिटले, ती पिशवीत घातली आणि चालू लागली. त्यानंतर ती सरावाला आली नाही. पुढे तिला लांबच्या गावी नोकरी लागली. दोघी फोनवर बोलत, पण आईच्या औषधांबद्दल आणि हवापाण्याबद्दल.

मी कपाटावर पडून राहिले. माझी दोरी वाळली, तिचे धागे सुटले. ताईने खेळ सोडला होता. अनेक वर्षांनी, नवशिक्यांच्या तरी उपयोगी पडावे म्हणून, तिने मला सरांकडे नेले.

सर म्हातारे झाले होते, पण हात तसाच. त्यांनी दोरी बदलली, चाके जुळवली आणि मला कागदासमोर धरले. कागद आडवा फाटला. त्यांनी रेस्टजवळ डोळा नेला.

"रेस्ट सरकलीय. कधीची?"

"तेव्हाचीच असेल," ताई म्हणाली. "बारकीच्या हातून पडलं होतं."

"तिने सांगितलं होतं तुला?"

"हो. लगेच."

"मग तिने तिचं काम केलं होतं गं. साइट फिरवून झाकलंस तू."

ताई बाकावर बसली. मी तिच्या मांडीवर होते. तिने तिथूनच फोन लावला.

"बारके, त्या दिवशी मी चुकीचं बोलले."

"असू दे ताई. किती जुनं झालं ते."

"रविवारी येशील? सर पण आहेत."

"बघते," बारकी म्हणाली. "जेवलीस का तू?"

मित्रांनो, नेम चुकला तर साइटला हात लावण्याआधी मूळ तपासा. आणि कोणी आपणहून येऊन "माझ्या हातून पडलं" असे सांगितले, तर त्याचे ऐका. तसे सांगायला धीर लागतो, आणि असा धीर माणूस पुन्हा पुन्हा गोळा करत नाही.

सरांनी माझी रेस्ट पुन्हा मधोमध बसवली. आता माझा बाण अगदी सरळ जातो. कितीतरी रविवार गेले, बारकीने तो अजून पाहिलेला नाही.